दोन रात्रींचा मुक्काम : उपनगरी मुंबई, देखणी हॉटेले आणि श्रावकाचा विवेक

मुंबईस जाणाऱ्या जैन व्यापारी कुटुंबाचा उतरण्याचा पत्ता पूर्वी ठरलेला असे. बोरीबंदरला किंवा बॉम्बे सेंट्रलला गाडी सोडावयाची आणि सामानासह थेट सी. पी. टँक गाठावयाचे. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी उभारलेल्या हिराबाग धर्मशाळेचे नाव सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडील घराघरांत ठाऊक होते. तेथून भुलेश्वर, काळबादेवी, झवेरी बाजार आणि मूळजी जेठा मार्केट पायी अंतरावर. मंदिर जवळ, पेढी जवळ, शुद्ध भोजन जवळ. त्यामुळे खोली कशी आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. सतरंजी आणि वळकटी घरूनच येई.

बाजार सरकला, तसा हा पत्ताही सरकला. मस्जिद बंदरचा घाऊक धान्य-मसाल्याचा व्यापार वाशीच्या बाजार आवारात गेला. ऑपेरा हाउसच्या हिरे व्यापाऱ्यांसाठी वांद्रे-कुर्ला संकुलात २०१० साली भारत डायमंड बोर्स उघडले. यंत्रांपासून दागिन्यांपर्यंतची मोठी प्रदर्शने गोरेगावच्या नेस्को संकुलात भरू लागली. दक्षिण मुंबईच्या चाळींतून निघालेले नातेवाईक घाटकोपर, मुलुंड, अंधेरी आणि बोरिवली येथे स्थिरावले. आज मुंबईचे काम म्हणजे बहुधा उपनगरातले काम असते. कोठे लग्नाची बैठक, कोठे पारणे, कोठे डॉक्टरांची वेळ, कोठे पहाटेचे विमान.

अशा एक-दोन रात्रींसाठी उतरावे कोठे? पहिले उत्तर अर्थातच नातेवाइकांचे घर. अतिथिसंविभाग हे श्रावकाच्या चार शिक्षाव्रतांपैकी एक. पाहुण्याने हॉटेलात उतरणे हा जुन्या पिढीला आपल्या घराचा अपमान वाटतो, आणि त्या भावनेमागे मोठी परंपरा आहे. परंतु उपनगरातील दोन खोल्यांच्या सदनिकेत पाचजणांचे घर असते. पहाटे पावणेसहाला डबे भरणारी सून असते, बारावीचा मुलगा असतो, एकच स्नानगृह असते. तेथे आणखी चार माणसे आली की यजमान तोंडावर हसतो आणि रात्री स्वयंपाकघरात अंथरूण घालतो. ज्याच्या घरी उतरावयाचे त्याला त्रास न होऊ देणे, हाही अहिंसेचाच भाग आहे. म्हणून अलीकडे अनेक कुटुंबांनी मधला मार्ग काढला आहे. मुक्काम हॉटेलात करावा. सूर्यास्तापूर्वीचे जेवण मात्र नातेवाइकांच्या घरी. यजमानाला वाढण्याचे समाधान लाभते आणि पाहुण्याला पाठ टेकावयास स्वतःची जागा मिळते.

मग पुढचा प्रश्न येतो : कोणते हॉटेल? तारांकित प्रासादाची गरज नाही आणि स्थानकाजवळील कोंदट लॉजमध्ये वृद्ध आई-वडिलांना नेववत नाही. या दोहोंच्या मध्ये गेल्या काही वर्षांत एक नवा वर्ग उभा राहिला आहे. खोली लहान, पण विचारपूर्वक आखलेली. भिंतींवर चित्रे, लाकडाचा उबदार रंग, प्रकाशाची योजना, बसावेसे वाटेल असे स्वागतदालन. तरुण पिढी त्यांना ‘डिझाइन हॉटेल’ म्हणते.

ही कल्पना जन्मली परदेशात. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली उघडलेले मॉर्गन्स हे छोटे हॉटेल या प्रवाहातील आरंभीच्या नावांपैकी एक. आंद्रे पुतमाँ या फ्रेंच रचनाकर्तीने त्याची अंतर्गत रचना केली होती. महागड्या संगमरवराऐवजी रेषा, रंग आणि नेटकेपणा यांवर तिने भर दिला. पुढे अॅम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर २००८ साली सिटिझनएम या साखळीचे पहिले हॉटेल सुरू झाले. त्यांचे गणित साधे होते : प्रवासी एकच रात्र राहतो, तर त्याला उत्तम गादी, चांगले स्नान आणि शांतता द्यावी, कपाटे, मेजे आणि मोकळी जमीन कमी करावी. आपल्याकडे टाटा समूहाच्या इंडियन हॉटेल्स कंपनीने २००४ साली बंगळूरला ‘इंडिवन’ या नावाने असाच प्रयोग केला. तोच पुढे ‘जिंजर’ झाला. या ब्रँडचे ३७१ खोल्यांचे मोठे हॉटेल २०२३ च्या नोव्हेंबरात सांताक्रूझला, देशांतर्गत विमानतळाच्या परिसरात उघडले. अंधेरी पूर्वेला लेमन ट्री प्रीमियर आहे. श्रवण आणि वाचा यांची अडचण असलेल्या व्यक्तींना मोठ्या संख्येने नोकरी देणारी साखळी म्हणून लेमन ट्रीचा लौकिक आहे. आणि विलेपार्ल्याचे विठ्ठल कामत यांचे ऑर्किड मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. १९९७ साली सुरू झालेल्या या हॉटेलाने पाणी आणि वीज यांची बचत हाच आपल्या रचनेचा पाया मानला आणि इकोटेल हे पर्यावरण-प्रमाणपत्र मिळविले. दर्जाने ते पंचतारांकित असले, तरी रचना म्हणजे केवळ सजावट नव्हे, हा धडा त्याने मध्यम दराच्या हॉटेलांनाही घालून दिला.

ज्या नगरात जमीन फुटाफुटाने मोजली जाते, तेथे लहान पण सुबक खोली हाच मालकाच्या हिशेबाचा मार्ग ठरतो. ग्राहकाने मात्र आपला हिशेब वेगळा मांडावा. त्याची सुरुवात स्थळापासून होते.

अंधेरी पूर्व हे या हॉटेलांचे आगर. चकाला, जे. बी. नगर, मरोळ आणि साकीनाका या पट्ट्यात सर्वांत अधिक पर्याय मिळतात, कारण विमानतळ आणि औद्योगिक वसाहत दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो याच पट्ट्यातून जाते. ११.४ किलोमीटरचा मार्ग ती २१-२२ मिनिटांत कापते. मरोळ नाक्यावर तिला भुयारी मेट्रो तीन मिळते. तिच्याने एका बाजूस विमानतळ आणि वांद्रे-कुर्ला संकुल, पुढे थेट कुलाब्याकडील कफ परेडपर्यंत जाता येते. म्हणून ज्याचे काम दोन-तीन दिशांना विखुरलेले आहे, त्याने मरोळ किंवा चकाला निवडावे. मेट्रोच्या जिन्यापासून पायी पाच मिनिटांवरचे हॉटेल हे दीड किलोमीटरवरच्या अधिक सुंदर हॉटेलाहून उपयोगी. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील सायंकाळची वाहनगर्दी सूर्यास्ताची वाट पाहत थांबत नाही.

घाटकोपर हे जैनांचे मोठे ठाणे. पश्चिमेस नवरोजी लेनचे देरासर, पूर्वेस हिंगवाला लेनचा उपाश्रय आणि वल्लभबाग लेनकडील पारसधाम. कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य असलेले पदार्थ येथे मागावे लागत नाहीत. दुकानदारच ‘जैन करू?’ म्हणून विचारतो. हॉटेले मात्र येथे थोडी. त्यामुळे घाटकोपरच्या नातेवाइकांकडे कार्य असल्यास मेट्रोच्या मार्गावर साकीनाका किंवा मरोळला उतरणे सोयीचे पडते. अवघ्या काही स्थानकांत पाहुणा मंडपाच्या दारी पोहोचतो.

मुलुंड हे मुंबईच्या आरंभीच्या आखीव उपनगरांपैकी एक. क्राउन आणि कार्टर या वास्तुरचनाकारांनी १९२२ च्या सुमारास स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंतची काटकोनी रस्त्यांची मांडणी केली, असे त्याच्या इतिहासात नोंदले आहे. पहिल्यांदा येणाऱ्यासही तेथे वाट सापडते. सर्वोदयनगरचे पार्श्वनाथ मंदिर आणि कच्छी-गुजराती समाजाची दाट वस्ती यांमुळे धार्मिक आचारास हे गाव अनुकूल. पुणे, सोलापूर, सांगली किंवा नाशिककडून मध्य रेल्वेने येणाऱ्यास ठाण्याला उतरून पुढचेच स्थानक मुलुंड, ही मोठीच सोय. येथील पर्याय लहान आणि मोजके आहेत. सजावटीची अपेक्षा कमी ठेवावी, स्वच्छतेची ठेवावी.

बोरिवलीला राजस्थान-गुजरातकडील बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात. पश्चिमेस जांभळी गल्लीतील संभवनाथ देरासर, तर पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाच्या हिरवाईत आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या उंच मूर्तींचे त्रिमूर्ती दिगंबर जैन मंदिर. कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन ज्यांच्या बालपणात आहे, त्यांचे पाय येथे आपोआप थबकतात. मेट्रो सात या उद्यानाजवळून जाते आणि पुढे गोरेगावहून गुंदवलीपर्यंत येते. तेथून पादचारी पुलाने पहिल्या मेट्रोचे स्थानक गाठता येते. नेस्कोच्या प्रदर्शनास येणाऱ्या व्यापाऱ्याने हा मार्ग लक्षात ठेवावा.

स्थळ ठरले की खोली. येथे श्रावकाची कसोटी इतर प्रवाशांहून निराळी असते, आणि छायाचित्रांतील देखणेपणा तेथे पुरेसा ठरत नाही.

पहिला मुद्दा प्रकाशाचा. आधुनिक सजावटीत मंद, पिवळसर उजेडाची आवड फार. तो छायाचित्रात उठून दिसतो. पण त्या उजेडात पुस्तक वाचता येत नाही, पेल्यातील पाणी निरखता येत नाही आणि जमिनीवरील मुंगी दिसत नाही. पाहून चालणे, पाहून ठेवणे, पाहून घेणे ही यतनेची मूळ शिकवण. ज्या खोलीत पाहताच येत नाही, तेथे यतना पाळावी कशी? म्हणून छतावरचा एक स्वच्छ पांढरा दिवा आहे का, हे आधी विचारावे. तसेच काही हॉटेलांत बाहेरची खिडकीच नसलेल्या खोल्या कमी दरात मिळतात. नवकारसीसाठी सूर्योदय आणि चौविहारासाठी सूर्यास्त ज्याला पाहावयाचा आहे, त्याला बंद पेटीसारखी खोली स्वस्तात मिळूनही महागच पडते.

दुसरा मुद्दा जमिनीचा. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेला गालिचा मऊ लागतो, पण त्यात धूळ आणि सूक्ष्म जीव दोन्ही साठतात. तो रोज धुता येत नाही. साधी फरशी किंवा लाकडी दिसणारी जमीन पुसता येते आणि सामायिकासाठी कटासन निर्धास्त घालता येते. अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसता येईल, एवढी चार फुटांची मोकळी जागा पलंग आणि भिंत यांच्यामध्ये आहे का, हेही पाहावे. लहान खोल्यांत नेमकी हीच जागा हरवते.

तिसरा मुद्दा वस्तूंचा. पलंगाच्या पाठीला कातडे लावलेले असते, खुर्च्या चामड्याच्या असतात, उशांत बदकाची वा हंसाची पिसे असतात, लोडांना रेशीम असते. बाजारात यास उंची अभिरुची समजतात. दिगंबर मुनींच्या हातातील पिंछी मोराने आपणहून टाकलेल्या पिसांची असते. उशीतील पिसे तशी नसतात. आरक्षण करतानाच ‘पिसांच्या उशा नकोत, कापसाच्या किंवा धाग्याच्या द्याव्यात’ असे लिहून कळवावे. चांगली हॉटेले ही मागणी सहज पूर्ण करतात, कारण पिसांची बाधा होणारे प्रवासी जगभर असतात. कातडी खुर्चीवर घरची चादर पसरणे तर आपल्याच हाती आहे.

चौथा मुद्दा स्नानगृहाचा, आणि तो कुटुंबाच्या मर्यादेचा आहे. खोली मोठी भासावी म्हणून स्नानगृहाची भिंत काचेची ठेवण्याची पद्धत या हॉटेलांत रूढ झाली आहे. नवदांपत्यास ती चालेल. परंतु आई, मुलगी आणि आजी एका खोलीत असतील, किंवा सासरे बरोबर असतील, तर ती अडचण नव्हे, संकट ठरते. पडदा आतून ओढता येतो का, दार पूर्ण बंद होते का, हे प्रत्येक वेळी विचारावे. भिंतीस धरावयाची दांडी आहे का, फरशी ओली झाल्यावर सरकते का, न्हाणीच्या जागेस उंबरा आहे का, हे प्रश्न सत्तरीच्या माणसासाठी भिंतीवरील चित्राहून महत्त्वाचे.

पाचवा मुद्दा अन्नपाण्याचा. मुंबईत डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. जून-जुलैत तो सव्वासातपर्यंत लांबतो. हॉटेलातील रात्रीच्या जेवणाची वेळ मात्र बहुधा सात किंवा साडेसातला सुरू होते. म्हणजे हिवाळ्यात व्रती माणसाला त्या भोजनगृहाचा उपयोग शून्य. साडेपाचला खोलीत जेवण मिळेल का, हे आधी ठरवून घ्यावे, अन्यथा नातेवाइकांचे घर किंवा मंदिराजवळची भोजनशाळा. सकाळच्या न्याहारीत शाकाहारी पदार्थांची मांडणी वेगळी आहे का, तवा आणि पळी वेगळी आहे का, हेही विचारावे. खोलीतील किटलीत आधीच्या प्रवाशाने काय उकळले असेल हे सांगता येत नाही. म्हणून उकळलेल्या पाण्यासाठी घरची छोटी किटली आणि गाळणे सोबत नेणे हा उत्तम उपाय. खोलीतील छोट्या शीतकपाटात मद्य ठेवलेले असल्यास ते आगमनापूर्वी काढून ठेवण्याची विनंती करता येते.

आता हिशेब. व्यापारी कुटुंबास कर सांगावा लागत नाही, तरी एक रेषा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर वस्तू-सेवा कर ५ टक्के आहे. त्यापुढे १८ टक्के. ७,५०० रुपयांच्या खोलीस कर ३७५, एकूण ७,८७५ रुपये. ७,६०० रुपयांच्या खोलीस कर १,३६८, एकूण ८,९६८ रुपये. भाड्यातील फरक शंभर रुपयांचा. बिलातील १,०९३ रुपयांचा. दोन रात्री आणि दोन खोल्या धरल्या तर ४,३७२ रुपये. म्हणून न्याहारीसह असलेला दर ही रेषा ओलांडतो का, हे आधी विचारावे. पाच टक्क्यांच्या दरात हॉटेलास स्वतःच्या खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे काही ठिकाणी मूळ भाडेच थोडे वाढलेले दिसेल. तुलना नेहमी करासहित अंतिम रकमेची करावी.

कामानिमित्तच्या मुक्कामाचे बिल पेढीच्या नावे आणि पेढीच्या कर क्रमांकावर घ्यावे. मात्र हॉटेलच्या निवासास कर त्या इमारतीच्या राज्यात लागतो. म्हणून महाराष्ट्रात नोंदलेल्या पेढीस त्याची वजावट मागता येते, तर बेळगाव किंवा निपाणीच्या, कर्नाटकात नोंदलेल्या पेढीस मुंबईच्या बिलातील महाराष्ट्राचा कर वजा मिळत नाही. आणि लग्नास किंवा दर्शनास आलेल्या कुटुंबाचा खर्च पेढीच्या खात्यावर टाकणे कायद्यात बसत नाही, तसेच अचौर्य व्रतातही बसत नाही. मुलासमोर वडील दोन वेगळी बिले मागतात, तेव्हा मुलगा वहीखात्याचा पहिला धडा शिकतो.

या साऱ्या चौकशीस दूरध्वनीवरची दहा मिनिटे लागतात. जे हॉटेल शांतपणे उत्तरे देते, ते बहुधा मुक्कामातही काळजी घेते. जे ‘सर्व होईल’ एवढेच म्हणते, तेथे बहुधा काहीच ठरलेले नसते. उत्तरे लेखी घ्यावीत. खोलीत शिरल्याबरोबर सामान उघडण्यापूर्वी पडताळून पाहावीत आणि फरक आढळल्यास त्याच क्षणी, आवाज न चढविता, खोली बदलून मागावी.

देखणेपणाचा मोह वाईट नाही. जैनांनी आबूच्या देलवाड्याला संगमरवरात जे कोरून ठेवले, ते सौंदर्याशी वैर असणाऱ्यांचे काम नव्हे. पण त्या कोरीव छताखाली उभे राहिल्यावर मन शांत होते. छताची किंमत कोणी विचारीत नाही. दोन रात्रींच्या खोलीकडूनही एवढीच अपेक्षा ठेवावी. तिथे वृद्धाचा पाय घसरू नये, व्रत मोडू नये, लेकीबाळींना संकोच वाटू नये आणि कोणा जीवाच्या कातड्यावर वा पिसांवर डोके टेकावे लागू नये. एवढे साधले तर भिंतीवरील चित्र आनंदाने पाहावे. परिग्रहाचे परिमाण घरातील वस्तूंपुरते नसते; प्रवासात आपण किती मागतो आणि कशासाठी मागतो, तेही त्यात मोजले जाते. हे माप घरच्या ज्येष्ठांनी आरक्षणापूर्वीच ठरवून द्यावे आणि निवड मात्र तरुणांवर सोपवावी. मग मुंबईचा मुक्काम दोन्ही पिढ्यांस सुखाचा होतो.